बायका मागे हटल्या, की त्यांची पाण्याची वेळ झाली?

मला आलेलं एक पत्र थोडक्यात देतेय, नाव-गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून.

महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरातल्या वस्तीत राहणाऱ्या चौतीस वर्षांच्या ताईंनी लिहिलंय. शिक्षण आठवीपर्यंत, सकाळी दोन घरची धुणीभांडी आणि दुपारी घरी बसून इमिटेशनच्या माळा ओवायचं काम. वस्तीत साधारण तीनशे घरं आणि सगळ्यांना मिळून एकच सार्वजनिक संडास. बायकांच्या बाजूला दहा सीट, त्यातल्या चार तुंबून कायमच्या बंद, उरलेल्या सहापैकी दोन दारांना कडी नाही, रात्री लाइट नाही, आणि एका वेळेचे तीन रुपये. बचत गटातल्या बायकांनी वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायचं ठरवलं. पहिल्यांदा अकरा जणी गेल्या, दुसऱ्यांदा पाच, तिसऱ्यांदा या एकट्याच. साहेब म्हणाले हा संडास आमच्याकडे येत नाही. मधल्या काळात संडास चालवणाऱ्या मंडळाच्या माणसाने यांच्या नवऱ्याला नाक्यावर गाठून "बायकोला आवर" असं सांगितलं, नवरा आठ दिवस घरात बोलत नव्हता. झेरॉक्स आणि रिक्षासाठी वीस-वीस रुपये काढले होते, त्यावरून "हिनं पैसे खाल्ले" अशी कुजबुज सुरू झाली. आता एका पक्षाचा कार्यकर्ता म्हणतोय की महिला आघाडीत पद घ्या, आठ दिवसांत काम करून देतो. यांची तेरा वर्षांची मुलगी संध्याकाळी चारनंतर पाणी पीत नाही. ताई विचारतात, "आमच्या बायकांमधे एकजूटच नाही, सगळ्या भित्र्या आहेत. मी सोडून देऊ का पद घेऊ?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मुलीच्या ओळीशी थांबले. तिच्याबद्दल शेवटी बोलूच, कारण तिचं काम वॉर्ड ऑफिसच्या भरवशावर ठेवायचं नाहीये.

आधी तुमच्या त्या वाक्याबद्दल, की बायका भित्र्या आहेत. मला हे पटत नाही, आणि तुम्हालाही नीट आठवून बघितलं तर पटणार नाही. तुम्ही वॉर्ड ऑफिसला किती वाजता जायचं ठरवलं होतं? सकाळी अकरा असं पत्रात आहे. अकरा वाजता तुमच्या वस्तीतली कोणती बाई मोकळी असते हो? तुम्हीच लिहिलंय की पाणी साडेनऊला येतं आणि कधी दहा कधी साडेदहापर्यंत असतं, म्हणजे जिच्या घरी दुसरं कुणी भरणारं नाही ती गळाली, जिला कामावर खाडा परवडत नाही ती गळाली, जिचं मूल बालवाडीतून बाराला सुटतं ती गळाली. अकरा जणींच्या पाच झाल्या त्या भीतीने झाल्या असतील तर एखादी-दुसरी, बाकीच्यांचा हिशोब घड्याळाचा आहे. साहेब तिथे दोन-दोन तास बाकावर बसवून ठेवतात, आणि एक खाडा म्हणजे पगारातून पैसे कट, हे काम करणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळे "एकजूट नाही" असं स्वतःला सांगत बसलात तर तुम्ही त्यांच्यावर रागावत राहाल आणि त्या तुम्हाला टाळत राहतील, आणि खरं कारण तसंच राहील. वेळ बदला. घरोघरी विचारा की तुला कधी जमतं. एखादीला फक्त रविवारी दुपारी जमतं, तर तिला वॉर्ड ऑफिसला न्यायचंच नाही, तिला रविवारचं काम द्यायचं.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे पण आपुलकीने सांगते. अर्ज तुम्ही लिहिला, झेरॉक्स तुमच्याकडे, पोचपावती तुमच्या पर्समधे, पैसे तुमच्याकडे, साहेबांचा नंबर तुमच्या फोनमधे. मनात काही वाईट नव्हतं, बाकीच्यांना त्रास नको म्हणून केलंत हे मला दिसतंय. पण त्याचं काय झालं बघा, त्या मंडळाच्या माणसाला धमकवायला एकच नवरा पुरला. कुजबुज करायला एकच नाव पुरलं. आणि पद देऊन गप्प करायचं असेल तर एकच बाई पुरते. हेच काम सात घरांत वाटलेलं असतं तर त्याने सात नवऱ्यांना नाक्यावर गाठलं असतं का? तुमच्यात नेतृत्व कमी आहे असं मी म्हणत नाहीये, उलट तुमच्याकडे आहे म्हणून सांगतेय की ते एका पर्समधे ठेवू नका.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ च्या सुमाराला 'महिला मिलन' सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे ना घर ना नळ, झोपडं कधी तुटेल याचा नेम नाही. त्यांनी काय केलं तर रोजची बचत, अगदी रुपया-दोन रुपये, आणि एक बाई रोज घरोघर जाऊन ती गोळा करायची. बाहेरच्याला वाटतं हे पैशासाठी, पण त्या रोजच्या फेरीत कुणाकडे आजारपण आहे, कुणाला मार बसतोय, कुणाचं झोपडं तोडलं हे सगळं कळायचं, आणि वेळ आली की बोलवायला जावं लागायचं नाही, बायका आधीच एकमेकींना धरून असायच्या. पुढे यातल्या बऱ्याच जणींना मानखुर्दला पक्की घरं मिळाली, पण त्यात वर्षानुवर्षं गेली हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल त्यांचं पटकन झालं आणि माझंच अडलंय. तुमच्याकडे बचत गट आहेच की. गटाची मीटिंग महिन्यातून एकदा हप्ता भरण्यापुरती होत असेल तर तीच आठवड्याला करा, पंधरा मिनिटं पैशाची आणि पंधरा मिनिटं संडासाची.

आता कामाचं बोलू, आणि हे ज्या ज्या वस्तीतून मला अशी पत्रं येतात त्या सगळ्यांनीच वाचा.

सगळ्यात आधी संडास कुणाचा आहे हे शोधायचं. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण निम्मी वर्षं यातच वाया जातात. मुंबईचंच घ्या, काही संडास महापालिकेने बांधलेत, काही म्हाडाने, काही आमदार-खासदारांच्या निधीतून झालेत, आणि काही असे आहेत की बांधून पालिकेने दिलेत पण चालवायला वस्तीतल्याच रजिस्टर्ड मंडळाकडे आहेत, करार करून. प्रत्येकाचा रस्ता वेगळा. "आमच्याकडे येत नाही" हे साहेबांचं उत्तर खरंही असू शकतं आणि टोलवाटोलवीही असू शकते, तोंडी उत्तरावरून कळायचं कसं? म्हणून ते लेखी घ्यायचं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तीही नाही, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या महाराष्ट्रात नियम असा आहे की एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. लोक यावर वैतागतात पण तुमच्यासाठी ही चांगलीच गोष्ट आहे, कारण मग चार विषयांचे चार अर्ज होतात आणि चार बायकांच्या नावाने जातात. एकीने विचारायचं, संडास कोणत्या खात्याचा आणि देखभाल कुणाकडे. दुसरीने विचारायचं, मंडळाबरोबर करार झाला असेल तर त्याची कॉपी. तिसरीने, वापराचा दर किती ठरलाय आणि कुणी ठरवला. चौथीने, गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीवर किती खर्च दाखवलाय. लिहिता येत नसेल तरी अडत नाही, तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे असं कायद्यातच लिहिलंय. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, तेही लगेच करायचं, "बघू पुढच्या महिन्यात" म्हणालात की संपलं.

त्या तीन रुपयांचाही एकदा गटात बसून हिशोब मांडा. घरात पाच माणसं, दिवसातून एकदाच म्हटलं तरी पंधरा रुपये, महिन्याचे साडेचारशे. आणि एकदाच जाऊन कुणाचं भागतं? पुण्यात १९९९ नंतर महापालिकेने संस्थांना बरोबर घेऊन वस्त्यांमधे खूप संडास बांधले, त्यातले काही महिला मिलनच्या बायकांनी उभे केले आणि चालवले, तिथे घरटी महिन्याचा पास होता, दर वेळी सुट्टे पैसे मोजायचे नाहीत. आणि बायकांनी सांगितलं म्हणून बायका-पुरुषांची दारं वेगळी केली, कारण एका रांगेत पुरुष पुढे घुसतात, आणि लहान मुलांसाठी वेगळी छोटी जागा, कारण मोठ्यांच्या रांगेत पोराला कुणी पुढे सोडत नाही आणि मग ते गटाराच्या कडेला बसतं. हे इंजिनियरला सुचलं नव्हतं. पासची मागणी तुमच्या अर्जात नक्की घाला.

मग मोजणी. "खूप हाल होतात" हे वाक्य साहेबांनी हजार वेळा ऐकलंय, त्यांच्या कानावरून जातं. स्वच्छ भारतच्या नियमात वस्तीच्या संडासाला पंचवीस बायकांमागे एक सीट धरलीय, पुरुषांना पस्तीसमागे एक. तुमच्याकडे तीनशे घरं, घरटी दोन बायका-मुली धरल्या तरी सहाशे, चालू सीट सहा, म्हणजे एका सीटला शंभर. हे अंदाजाने नाही, मोजून सांगायचं. सकाळी पाच ते नऊ, तीन-चार दिवस, दोन-दोन तासांची पाळी लावून.

मी बरीच वर्षं वस्त्यांमधे काम केलंय, एका वस्तीत आम्ही अशी मोजणी केली होती. वही-पेन घेऊन बसायचं ठरलं तर एक आजी म्हणाल्या मला लिहायला येत नाही पण मी बसते. त्यांनी पत्र्याचा एक डबा आणला आणि पदरात चिंचोके. एक बाई आत गेली की एक चिंचोका डब्यात. टक् असा आवाज यायचा, रांगेतल्या पोरी हसायच्या, मग त्याच विचारायला लागल्या, "आजी किती झाले?" नऊ वाजेपर्यंत २१४. रांगेत उभ्या असताना कुणाची बस चुकली, कोण ड्यूटीला न जाता परत घरी गेली, हे वहीवाल्या मुलीने लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात ऑफिसमधे साहेब म्हणाले सीट पुरेशा आहेत, तर आजींनी पिशवीतून डबा काढून तो टेबलावरच उपडा केला आणि म्हणाल्या, "मोजा साहेब, तीन सीटवर एवढ्या." साहेब गप्प झाले, मग त्यांनी वही मागितली आणि पानांवर तारीख घालून सही करा म्हणाले. काम त्या दिवशी झालं नाही. दोन सीट आणि दारं व्हायला सात महिने गेले आणि लाइटसाठी त्यावर अजून एक पावसाळा. पण त्या दिवसानंतर "पुरेशा आहेत" हे वाक्य परत कुणी उच्चारलं नाही आणि मुख्य म्हणजे मोजायला बसलेल्या पंधराएक बायका नंतर कधी सुटल्या नाहीत, कारण तो आकडा त्यांचा स्वतःचा होता.

अर्ज देताना दोन कॉपी न्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का तारखेसकट घ्या, नुसतं "ठेवून जा" म्हटलं तर हलायचं नाही. शिक्क्याच्या कॉपीचा फोटो काढून सगळ्यांच्या फोनमधे टाका, ग्रुपवर. एवढं करूनही हललं नाही तर लोकशाही दिन आहे, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, ठरलेल्या नमुन्यात अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिथे तक्रार वैयक्तिक लागते, संस्थेच्या नाहीतर पक्षाच्या लेटरहेडवर चालत नाही. मग चालेल की, एकेकीने आपापली द्यायची, एकीने दाराच्या कडीची, एकीने लाइटची, एकीने बंद सीटची. एकाच सोमवारी आठ तक्रारी एकाच संडासाच्या.

एक विनंती. तुंबलेल्या सीट मोकळ्या करायच्या नादात कुणा माणसाला पैसे देऊन टाकीत उतरवू नका, वस्तीतले पुरुष "हजार रुपयात करून देतो" म्हणतात आणि दरवर्षी माणसं गुदमरून मरतात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. मशीनची गाडी मागवा, अर्जात तसंच लिहा. आपल्या संडासासाठी दुसऱ्याच्या घरातला माणूस जायला नको.

पैशाच्या कुजबुजीचं. तुम्हाला खूप लागलंय ते, पत्रात कळतं. पण जी बाई तसं बोलली तिच्याशी भांडायला जाऊ नका. एक पुठ्ठा घ्या, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा, जमा २२०, झेरॉक्स किती, रिक्षा किती, शिल्लक किती, आणि जिथे पाण्याची रांग लागते तिथे टांगा. आणि पुढच्या वेळेपासून पैसे तिच्याकडेच ठेवायला द्या, जी बोलली तिच्याकडे. मी मनापासून सांगतेय, टोमणा म्हणून नाही. जिला हिशोबाची काळजी आहे ती हिशोब चांगला ठेवते असा माझा अनुभव आहे.

नवऱ्याचं. तो आठ दिवस बोलला नाही, पण "जाऊ नकोस" असंही म्हणाला नाही, हे तुमच्याच पत्रात आहे आणि तुम्ही त्याच्यावरून पुढे निघून गेलात. त्याला चारचौघांत कुणीतरी कमीपणा आणला, त्याचा राग तुमच्यावर निघाला. पुरुषांच्या बाजूचा संडास काय चकाचक आहे का? त्याला एक दिवस मोजणीला बसवा, पुरुषांच्या रांगेची. मात्र ती धमकी हलक्यात घेऊ नका. आता कुणीही एकटीने ऑफिसला जायचं नाही, पाचच्या खाली नाही, आणि परत कुणाला दम दिला तर त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून पोलीस चौकीत लेखी द्यायचं, तातडीचं असेल तर ११२. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना फुकट मिळतो, उत्पन्न किती हे बघत नाहीत, फोन १५१००.

राहिलं ते पद. तुम्हाला वाटत असेल मी म्हणेन राजकारण घाण, लांब राहा. नाही म्हणणार. मृणालताई गोरे राजकारणातच होत्या, गोरेगावात पाण्यासाठी त्या एवढ्या भांडल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई'च म्हणायला लागले, १९७२ च्या महागाईत त्या आणि अहिल्याताई रांगणेकर वेगवेगळ्या पक्षांच्या असून एकत्र आल्या आणि साध्या घरातल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आज आपल्याकडे पालिकेत निम्म्या जागा बायकांना आहेत, तुमच्यासारखीने तिथे जावं असं मला फार वाटतं. पण त्या कार्यकर्त्याच्या बोलण्यातला क्रम बघा, आधी पद मग काम. आठ दिवसांत होण्यासारखं काम आहे हे जर त्याला माहितीये तर ते आजवर का थांबलं? पद घेतलंत की वस्तीतल्या दुसऱ्या पक्षाच्या घरातल्या बायका उद्यापासून तुमच्या रांगेतून बाहेर, आणि संडासाला काही पक्ष नसतो. त्यामुळे त्याला नाही म्हणू नका आणि हो पण म्हणू नका. तोच अर्ज, तीच मोजणी, वहीच्या झेरॉक्ससकट त्याला द्या, आणि त्याच दिवशी बाकीच्या पक्षांच्या माणसांनाही द्या, आणि द्यायला पाच जणी जा. जो करेल त्याचं नाव घेऊन आभार मानू असं सगळ्यांना सांगा. संडास झाल्यावर तुम्हाला निवडणुकीला उभं राहावंसं वाटलं तर तेव्हा मला परत लिहा, वेगळं बोलू.

सोडून देऊ का, असं विचारलंत. थोडे दिवस थांबा की, थकलाय तुम्ही, दोन आठवडे काही करू नका. पण थांबायच्या आधी ते कागद पर्समधून काढून बाकीच्या दहा जणींपैकी कुणाच्यातरी घरी ठेवून या.

आणि मुलगी. वर्षभर कमी पाणी प्यायलं आणि लघवी तुंबवून धरली की जळजळ, ताप, इन्फेक्शन सुरू होतं, तिला आत्ता काही त्रास आहे का ते हळूच विचारा, असेल तर पालिकेच्या दवाखान्यात न्या, पाळीच्या दिवसांत काय करते तेही विचारा. ती एकटी नसणार, तुमच्या गल्लीत तिच्या वयाच्या सात-आठ तरी असतील ज्या चारनंतर ग्लास बाजूला ठेवतात. आजच गल्लीतल्या बायकांशी बोला आणि रात्री आठला आणि साडेदहाला अशा दोन फेऱ्या ठरवा, दोन मोठ्या बायका, एक टॉर्च, कडीच्या जागी बांधायला एक नाडी, आणि सगळ्या पोरी मिळून जायचं, एक आत तर बाकीच्या दारापाशी. सोमवारी कुणाची पाळी, मंगळवारी कुणाची ते भिंतीवर खडूने लिहा. पहिली रात्र तुमची नको, दुसरीची लावा. आणि आज संध्याकाळी शाळेतून आली की तिला तांब्याभर पाणी द्या, आणि रात्री आठला कोण कोण बरोबर येणार आहे ते नावं घेऊन सांगा तिला.